वहीतला निळा

आथ यानी,
२८ जून २००९

प्रिय मामा,

तू म्हणालास तसं कागदावर लिहिते आहे. फोनवर माणूस फक्त "ठीक आहे" म्हणतो, हे तुझं खरं. तर कागदावर सांगते: ठीक नाही.

ना सकूरांकडे येऊन बारा दिवस झाले; मोठ्या बाईला 'ना', मोठ्या पुरुषाला 'दा' म्हणायची इथली रीत पाळते आहे. बारा दिवसांत मी काय शिकले? झाडायला. चांदीचा कीस उडतो म्हणून फरशी दिवसातून तीनदा झाडायची, आणि केर फेकायचा नाही, डब्यात भरून ठेवायचा. मग टाकणखार कुटायचा, तारा उकळून धुवायच्या, पोवळी आकाराप्रमाणे वेगळी करायची. अल्जियर्सच्या कलाशाळेत दोन वर्षं काढली आणि इथे येऊन डाळ निवडल्यासारखी पोवळी निवडते आहे. शाळेला ऑक्टोबरपर्यंत एका कारागिराचा सही-शिक्का हवा, नाहीतर कधीच बस पकडून आईकडे गेले असते.

तू सांगितलं होतंस, शाळेचं नाव सांग, माझं काढू नकोस. मला राहवलं नाही. पहिल्याच दिवशी बोलून गेले, की मेझियान माझे सख्खे मामा, तुमच्या वडिलांच्या हाताखाली शिकले. त्यांच्या हातातली कानस थांबली नाही. "आहे का अजून?" म्हणाल्या. मी सांगितलं, आहे, फ्रान्सात सेंत-एतिएनला बसच्या आगारात आहे. त्यावर मला केरसुणी मिळाली.

खायला मात्र भरपूर. भाकरी, ताक, तेलात बुडवलेल्या सुक्या अंजिरांचं ताट. वाढताना सुद्धा बोलत नाहीत. अठ्ठावन्न वर्षांची बाई, लग्न केलं नाही, खाली भावाचं कुटुंब राहतं. तीच माणसं काय ती त्यांना बोलकं करतात.

एका वेळी तेवढं मला जवळ बोलावतात. चांदीच्या तारेचे कप्पे डाख लावून तयार झाले, की त्यांत रंगीत काचेचा मीना भरायचा असतो. तेव्हा वाटीतली ओली पूड माझ्या नाकापुढे धरतात आणि विचारतात, "काय दिसतं तुला?" मी म्हणते, निळा. "कसला निळा?" मी म्हणते, उन्हं गेल्यावर जुर्जुराचा डोंगर दिसतो तसा. "बरं," म्हणतात आणि भरायला घेतात. दिवसातून दहादा ही तोंडी परीक्षा. पास की नापास, ते कधी सांगत नाहीत.

तो निळा मला हवा आहे, मामा. ना सकूरा तो अंदाजाने मिसळतात, मापाने नाही. प्रमाण विचारलं तर म्हणतात, "येईल तेव्हा येईल." तुला आठवतं का? पुढच्या महिनाअखेरीला इथे दागिन्यांचा मेळा भरेल, त्यांच्या टेबलामागे मला उभं राहायचं आहे. कुणी विचारलं तर दोन शब्द तरी सांगता यावेत.

तुझी तिझिरी


सेंत-एतिएन,
८ जुलै २००९

लाडक्या तिझिरी,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि एकटाच हसलो. मलाही दा बेलाइदने, म्हणजे सकूराच्या वडिलांनी, पहिला महिनाभर झाडायलाच लावलं होतं. डब्यातल्या केरातली चांदी गाळून वर्षाअखेरीला एक बांगडी निघाली. ती त्यांनी माझ्या आईला दिली. तेव्हा केराला नावं ठेवू नकोस.

सकूराच्या तोंडाकडे लक्ष देऊ नकोस, हाताकडे दे. त्या काळी बायकांना हातोडा देत नसत, फक्त मीना भरू देत. ती मीना भरता भरता आमचं सगळं काम डोळ्यांनी शिकली. मी डाख लावायला चुकलो की ती मान वर न करता म्हणायची, "जळलं." आणि जळलेलं असायचं.

निळ्याचं विचारतेस. लिहून घे. पांढरी काच शंभर माप, खलात साखरेइतकी बारीक. मिनियम, म्हणजे शिशाचा शेंदूर, अकरा माप, टाकणखार सहा. कोबाल्ट पाव मापाहून जरा कमी. पाव झालं तर काळपट होतो. ओली पूड कप्प्यात भरल्यावर भट्टीच्या तोंडाशी ठेवून पूर्ण वाळू दे, वाफ निघायची थांबली की मगच आत. घाई केलीस तर मीना फुटाण्यासारखा उडेल.

हे सगळं अजून कसं आठवतं, असं तुला वाटेल. काही गोष्टी हाताला चिकटून राहतात.

मेळ्यात गिऱ्हाइकाला आधी वस्तू हातात घेऊ द्यायची, मग बोलायचं. सकूराच्या तब्येतीचं काही लिहिलं नाहीस. कशी दिसते? काम सुरळीत आहे ना? खूप काम असतं का?

तुझा मामा


आथ यानी,
१९ जुलै २००९

प्रिय मामा,

तुझं पत्र आलं आणि माझ्याकडून काहीतरी बिघडलं. काय, ते मला कळत नाही.

मला वाटलं, त्यांना आनंद होईल. दुपारच्या कॉफीला तुझं पत्र काढलं आणि निळ्याचा उतारा मोठ्याने वाचला. शंभर, अकरा, सहा, पावाहून कमी. कॉफीचा पेला त्यांनी खाली ठेवला. म्हणाल्या, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. मग एवढंच म्हणाल्या, "अकरा. आधी नऊ होते. बाबांनी लाल शाईने अकरा केले." आणि उठून भट्टीची राख काढायला लागल्या. भट्टी सकाळीच साफ केली होती.

त्यानंतर दोन दिवस मला पुन्हा पोवळी निवडायला बसवलं. मी माफी मागितली. म्हटलं, तुमच्याकडे शिकत असताना बाहेर विचारायला नको होतं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी दुसऱ्याच कुठल्या विषयावर बोलते आहे. म्हणाल्या, "तुझ्या मामाला विचार, हे कितव्या पानावर आहे." मी विचारलं, कसलं पान? त्या तारा धुवायला उठल्या.

तर विचारते. कितव्या पानावर?

मेळा तीसला सुरू होतो. कानातली, अंगठ्या, पोवळ्यांच्या साखळ्या मिळून साठेक वस्तू झाल्या आहेत. मीना भरताना "काय दिसतं तुला" अजून चालूच आहे. तेवढ्यापुरती का होईना, मी लागते त्यांना.

तिझिरी


सेंत-एतिएन,
२६ जुलै २००९

तिझिरी,

जास्त लिहायला वेळ नाही, आगारातली माणसं सुट्टीवर गेली आहेत. ते प्रमाण मला तोंडपाठ आहे, पानाचं काही आठवत नाही. जुन्या माणसांना जुन्या गोष्टी छळतात, मनावर घेऊ नकोस. माझी पत्रं तिला वाचून दाखवू नकोस.

मेळा कसा झाला ते कळव.

मामा


आथ यानी,
५ ऑगस्ट २००९

प्रिय मामा,

मेळा संपला. तुझं चार ओळींचं पत्र मेळ्याच्या तिसऱ्या दिवशी मिळालं. त्याचं नंतर बोलू, आधी काय झालं ते सांगते.

पहिले दोन दिवस चांगले गेले. शाळेच्या वर्गात टेबलं मांडली होती, आमचं फळ्याखाली. एका बाजूला दा अर्झकी, लांब टाचण्या करणारे, दिवसभर भुईमूग खात बसलेले. मी पुढे उभी राहून बोलायचे, ना सकूरा मागे खुर्चीवर. मला वाटायचं, गर्दीचा कंटाळा असेल. गिऱ्हाइकाने "निळी द्या" म्हटलं की त्या मला म्हणायच्या, "दे गं." स्वतः हात लावायच्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी मल्हा आल्या. पलीकडच्या गावच्या म्हाताऱ्या सुईण. या भागातली अर्धी माणसं त्यांच्या हातात जन्मली. त्यांच्याबरोबर सुना, नाती, शेजारणी. त्यांनी आईचा बिल्ला दुरुस्तीला दिला होता, मुलगा झाल्यावर बाई कपाळावर लावते तो वाटोळा. दा बेलाइदनी साठ वर्षांपूर्वी घडवलेला. त्याच्या तीन पाकळ्यांतला मीना उडाला होता. नातीचं लग्न सप्टेंबरात, म्हणून न्यायला आल्या होत्या. मी डबीतून काढून हातात दिला. त्यांनी खिडकीपाशी नेला, वळवून पाहिला, आणि तिथूनच म्हणाल्या, "अगं सकूरा, माझ्या आईच्या बिल्ल्यात गवत कुठून उगवलं?"

मी जाऊन पाहिलं. निळ्या फुलाच्या तीन पाकळ्या हिरव्या होत्या, मामा.

शेजारणी पुढे सरकल्या. दा अर्झकींचे भुईमूग थांबले. मला सुचलं ते मी केलं. म्हटलं, चूक माझी आहे, वाट्यांची अदलाबदल झाली, मी नवीन आहे. मल्हांनी माझ्याकडे बघून मान हलवली. पोरीवर काय रागवायचं, अशी. सगळं तिथेच मिटलं असतं.

ना सकूरा खुर्चीतून उठल्या. "ही जूनमध्ये आली," त्या म्हणाल्या. "बिल्ला मी एप्रिलमध्ये भरला. माझ्या हाताने." मग आवाज न बदलता म्हणाल्या, "दोन वर्षं झाली. निळा आणि हिरवा मला एकच दिसतात."

दिवसातून दहादा "काय दिसतं तुला" विचारायच्या, ती मला परीक्षा वाटत होती.

मल्हा येऊन आमच्याच खुर्चीवर बसल्या. ना सकूरांची हनुवटी धरून त्यांचं तोंड उजेडाकडे वळवलं, बाळंतिणीला बघावं तसं. म्हणाल्या, "मोतीबिंदूचा पडदा आलाय. माझ्या डोळ्यांतला काढला, तुझा काय सोन्याचा आहे म्हणून ठेवलास?" बायका हसल्या. ना सकूरा हसल्या नाहीत, पण बसल्या. मग दोघींचं हळू आवाजात काही बोलणं झालं. ठरलं ते असं, की बिल्ला परत भरायचा, मी भरायचा, ना सकूरांनी शेजारी बसायचं.

त्या दिवशी पुढे आमच्याकडे विक्री झाली नाही. लोक वस्तू उचलत, खिडकीपाशी नेऊन रंग बघत आणि हळूच ठेवून देत. दा अर्झकी एकदा ना सकूरांना पुटपुटले, "हे चार दिवसांनी सांगितलं असतंस तर."

जेवायला आम्ही मागच्या पायरीवर बसलो. मला वाटलं, आभार मानतील. त्या म्हणाल्या, "तू माझी चूक का उचललीस?"

मी म्हटलं, तुमचं नाव राहावं म्हणून.

"ती चूक माझ्या हातची होती. चांगल्या मनाने का होईना, माझी वस्तू न विचारता उचललीस. आज चूक, उद्या काम उचलशील. असं एकदा झालंय माझ्याबरोबर. त्याचंही मन चांगलंच असेल."

मग त्यांनी सांगितलं. दा बेलाइदची एक वही होती, सगळ्या रंगांची मापं त्यात. ते गेल्यावर ती नाहीशी झाली. वही नाही म्हणून त्या सात वर्षं काच जाळत बसल्या, पुन्हा पुन्हा, आणि शेवटी डोळ्याने रंग ओळखायला शिकल्या. आता डोळा गेला तर हातात काहीच नाही. कुणाचं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. पण लाल शाईतले अकरा मला ऐकू आले.

मामा, ती वही तुझ्याकडे आहे का? एका शब्दात उत्तर दिलंस तरी चालेल. आणि हे पत्र मी त्यांना वाचून दाखवलं आहे. तुझंही दाखवणार.

तिझिरी


सेंत-एतिएन,
१६ ऑगस्ट २००९

तिझिरी,

आहे.

दा बेलाइद १९९४ च्या हिवाळ्यात गेले. देशात यादवी पेटली होती; मेळा बंद पडला होता, चांदी मिळत नव्हती, उजेड असतानाच लोक दारं लावून घेत. चाळिसाव्या दिवसाचं जेवण झाल्यावर मी कामाच्या खोलीत गेलो, फळीवरची वही काढली आणि सदऱ्याच्या आत घातली. सकूरा अंगणात भांडी घासत होती. मला भांड्यांचा आवाज येत होता. मी स्वतःची समजूत घातली, की ही बाईमाणूस, भावाच्या संसाराला लागेल, भट्टी विझेल, वही उंदीर खातील. मी वाचवतो आहे. ती भट्टी चालवील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या चुका मान वर न करता ओळखणारी होती, तरी आलं नाही. महिनाभरात मी फ्रान्सच्या बोटीत होतो.

इथे दुकान काढायचं होतं. काढलं नाही. आधी बस धुतल्या, मग चालवल्या, मग टेबलाशी बसलो. २००१ साली गावाकडचा एकजण लग्नाला आला होता. तो म्हणाला, सकूराने भट्टी पेटवली, अंदाजाने रंग करते, पण झकास करते. त्या आठवड्यात वही पोस्टात टाकता आली असती. मी म्हटलं, उन्हाळ्यात स्वतः जाऊन हातात देईन. मग दर वर्षी उन्हाळा आला. जितकी वर्षं गेली तितकं जाणं अवघड होत गेलं. आधी सांगायला फक्त वही होती, नंतर वर्षंही सांगावी लागली असती.

तुझ्या आईला मी सांगितलं, पोरीला शिकायला पाठव. खरं म्हणजे मी तुला बघायला पाठवलं. ती बरी आहे, तिचं वहीवाचून काही अडलं नाही, असं तू लिहिशील आणि मला झोप लागेल, असा माझा हिशेब होता. माझं ओझं तुझ्या डोक्यावर दिलं आणि आत काय आहे ते सांगितलं नाही. त्याची तुझी माफी मागतो.

पान सव्विसावं. लाल शाई अजून ताजी दिसते.

वही आज रजिस्टर पोस्टाने पाठवली. पोचली की तिला वाचून दाखव, तिला अक्षर दिसत नसेल तर. तिला विचार, ती मला... नको. काही विचारू नकोस.

मेझियान


आथ यानी,
२० ऑक्टोबर २००९

मेझियान,

माझं अक्षर वाईट आहे, पण माझं आहे.

वही रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात पोचली. तिझिरीने दोऱ्या सोडल्या. मी तिला वाचू दिलं नाही, तीन दिवस उशाशी ठेवली. मग काम करायला घेतलं, कारण मल्हाच्या नातीचं लग्न थांबणार नव्हतं. पोरीने मापं तोलली, मी वाफेकडे कान दिला. वाफ कधी थांबते ते ऐकू येतं, हे तिला माहीत नव्हतं. तिसऱ्या खेपेला रंग बसला. मला दिसला नाही. मल्हाने खिडकीपाशी नेला आणि कपाळाला लावून पाहिला, सत्तर वर्षांची बाई. त्यावरून कळलं.

ईद झाल्यावर मल्हाने मला ओढत तिझी-वझूच्या दवाखान्यात नेलं आणि उजवा डोळा करून आणला. डावा वसंतात करतील. पट्टी काढून घरी आले तर माझं दार निळं निघालं. भावजय गेल्या साली रंग देत होती तेव्हा मी तिला सांगितलं होतं, हिरवा छान दिसतो. तिने मला कधी दुरुस्त केलं नाही. चांगल्या मनाच्या माणसांनी माझा फार वेळ घालवला आहे.

मग मी एक काम केलं. चांदीचे दोन सारखे पत्रे घेतले. एकावर पोरीने वहीच्या मापाने निळा भरला, दुसऱ्यावर मी माझ्या अंदाजाने. भट्टीतून काढून शेजारी ठेवले. दोन्ही निळे, पण एक नव्हेत. बाबांचा खोल आहे, विहिरीसारखा. माझा उघडा आहे. तू वही नेली नसतीस तर मी जन्मभर बाबांचाच भरत राहिले असते. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तो निळा सापडायला सात वर्षं गेली. त्या सात वर्षांत मी इतरांच्या शेतात ऑलिव्ह वेचून पोट भरलं. तेही लिहून ठेव, तुझ्याकडे वही नाही आता, दुसऱ्या कागदावर लिही.

तिझिरीला सही-शिक्का दिला. ती शनिवारी अल्जियर्सला गेली. जाताना म्हणाली, पुढच्या मेळ्यात मला स्वतःचं टेबल लावायचं आहे. मी म्हटलं, लाव, पण माझ्या शेजारी नको, माझी गिऱ्हाइकं फोडशील. ती हसली. तिचा हात जड आहे, पण खोटं फार वेळ पेलत नाही. तुझ्यावर गेलेली नाही.

तू तिला विचारायला सांगितलंस आणि पुढच्याच ओळीत नको म्हणालास. तिने दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. मला उत्तर माहीत नाही. पहिली काही वर्षं मी प्रत्येक फुटलेल्या मीन्यागणिक तुला शिव्या दिल्या. मग रंग यायला लागला आणि शिव्या द्यायचं राहून गेलं. ते म्हणजे माफ करणं का, मी कुणाला विचारलेलं नाही.

जुलैत मेळा आहे. पोरीचं टेबल वेगळं असेल, तेव्हा माझ्या टेबलापुढे उभं राहायला माणूस लागेल. मला गिऱ्हाइकाशी गोड बोलता येत नाही, तुला येत होतं. ये. लोक विचारतील, हा कोण. मी सांगेन, हा मेझियान, माझ्या बापाच्या हाताखाली शिकला. त्याच्या पुढे काय सांगायचं ते अजून ठरवलेलं नाही. ठरवायला मला नऊ महिने आहेत. तुलाही, यायचं की नाही ते.

सकूरा